वाचकांचे प्रश्न: डिफ लॉक कोणता घ्यावा, कसा बसवावा

मृग लागला की चिखलात रुतलेल्या गाड्यांची पत्रे यायला लागतात. या वेळी बहुतेकांचा रोख डिफ लॉकवर (डिफ्रन्शियल जखडणाऱ्या जोडावर) आहे, म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

फोर बाय फोर पिकअप आहे. कुळागरातून (बागायतीतून) सुपारी-नारळ भरून येताना व्हाळ (ओहोळ) ओलांडल्यावरच्या चढाला मागचे उजवे चाक जागच्या जागी फिरते. फोर बाय फोर घातले तरी पुढचे एक आणि मागचे एक एवढीच चाके फिरतात. गॅरेजवाला डिफ लॉक घाला म्हणतो. एअर, इलेक्ट्रिक आणि ऑटोमॅटिक यांतला कोणता घ्यावा? (वाळपई, सत्तरी)

गॅरेजवाल्याचे निदान बरोबर आहे. डिफ्रन्शियल म्हणजे एका एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. साधे डिफ्रन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच जोर देते. चिखलातले चाक २०० न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचे माप) जोराला घसरत असेल तर कोरड्या जांभ्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही २०० च मिळतात. त्याची पकड दसपट असली तरी उपयोग नाही. एक्सिलरेटर कितीही दाबा, घसरणारे चाक नुसते जास्त वेगाने फिरते. डिफ लॉक दोन्ही एक्सल शाफ्ट एकमेकांना जखडतो आणि ज्या चाकाला पकड आहे ते लागेल तेवढा जोर ओढून घेते. शेतातल्या ट्रॅक्टरचे डिफ लॉकचे पेडल हेच करते. उसगाव-सावर्डे भागात खाणीवर टिपर चालवलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पण खर्च करण्याआधी टायर बघा. तांबडी माती ओली झाली की रस्त्याच्या टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. मग दोन्ही चाके एकत्र जखडलीत तरी दोन्ही एकत्रच घसरणार. खोल, मोकळ्या खाचांचा मड टायर चिखल बाहेर फेकतो. हवेचेही तसेच. रिकाम्या जीपची हवा ३० वरून १८-२० पीएसआयवर आणली की टायर लांब पसरतो आणि अर्ध्याअधिक जागा तेवढ्यानेच पार होतात. भरलेल्या पिकअपची हवा मात्र इतकी उतरवू नका, टायरची बाजू फाटते. टायर चांगले असूनही पाटा-स्प्रिंगची गाडी खड्ड्यात तिरकी होऊन एक चाक हलके पडत असेल, तर डिफ लॉकला पर्याय नाही.

तुमची गाडी रोज डांबरी रस्त्यावर भार घेऊन धावते. म्हणजे हवा तेव्हा लावता आणि सोडता येणारा लॉक हवा: एअर नाही तर इलेक्ट्रिक. ऑटोमॅटिक का नको, ते पुढे पेडण्याच्या पत्रात आहे. बंद असताना दोन्ही साध्या डिफ्रन्शियलसारखेच चालतात. एअर लॉकला कॉम्प्रेसर, नळी आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा हवेचा व्हॉल्व्ह) लागतात, म्हणजे बिघडायच्या जागा वाढतात. पण त्याच कॉम्प्रेसरने टायरमध्ये परत हवा भरता येते आणि आमच्या मते हा फायदा लहान नाही. इलेक्ट्रिकला दोन वायरी आणि एक रिले पुरतो. त्याचा कच्चा दुवा म्हणजे एक्सलच्या हाउसिंगमधून (बाहेरच्या कवचातून) बाहेर येणारी वायर. ती एखाद्या फांदीने ओढली की लॉक गेला. निवड शेवटी तुमच्या एक्सलसाठी काय बनते आणि त्याचे सील कुठे मिळतात यावरच ठरेल.

एकच घेणार असाल तर मागे घ्या. चढावर वजन मागे सरकते, त्यामुळे जोर पेलायची ताकद मागच्या चाकांत असते. आणि मागचा लॉक स्टिअरिंगला त्रास देत नाही.

१९८० च्या दशकातली जीप आहे. लॉक मागवायचा तर विक्रेता एक्सलचा नमुना, रेशो आणि स्प्लाइन विचारतो. गाडीच्या कागदावर यातले काहीच नाही. (सांगे)

कागदावर नसते आणि असले तरी त्यावर विसंबू नये. इतक्या जुन्या गाडीचा एक्सल एकदा तरी बदललेला असतो. मोजून घ्या.

रेशो म्हणजे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे) फेरे. तो गाडी न उघडता काढता येतो. गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना ओंडके लावा, हँडब्रेक सोडा. मागचे एकच चाक जॅकवर घ्या, दुसरे जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजा. तोच रेशो. पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त आले तर ५.३८, म्हणजे क्राउनला (एक्सलमधल्या मोठ्या गिअरला) ४३ आणि टेल पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरला) ८ दात. पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. कव्हर उघडल्यावर दात मोजून खात्री करा.

रेशो महत्त्वाचा का, तर क्राउन ज्या केसवर (डिफ्रन्शियलचे लहान गिअर धरणाऱ्या डब्यावर) बसतो तिची बैठक रेशोप्रमाणे बदलते. डाना ४४ नमुन्याच्या एक्सलला ३.७३ पर्यंत एक केस आणि ३.९२ पासून पुढे दुसरी. चुकीची मागवलीत तर क्राउन पिनियनपर्यंत पोचतच नाही किंवा त्यावर चढतो.

स्प्लाइन म्हणजे एक्सल शाफ्टच्या आतल्या टोकावरचे दात. डाना ४४ च्या घराण्यात १०, १९ आणि ३० असे तिन्ही आढळतात. शाफ्ट बाहेर काढून मोजा, दोनदा मोजा. त्याच वेळी स्प्लाइन पिळल्यासारखे वाकडे दिसतात का तेही बघा. दिसले तर शाफ्ट बदला, लॉकचा पहिला झटकाच तो तोडेल. शाफ्ट सेमी-फ्लोटिंग (गाडीचे वजनही पेलणारा) आहे की फुल-फ्लोटिंग (फक्त जोर नेणारा), क्राउनचा व्यास किती आणि केस बेअरिंगचा नंबर काय, हेही लिहून ठेवा. एवढे हातात असल्याशिवाय पैसे पाठवू नका.

आमचे छोटे गॅरेज आहे. गिअरबॉक्स, डिफ्रन्शियल नेहमी उघडतो, पण एअर लॉक कधी बसवलेला नाही. कुठे चुकायला होते ते सांगा. (फोंडा)

क्राउन-पिनियन सेट करता येत असेल तर हेही येईल. डायल गेज आणि प्रेस नसेल तर काम घेऊ नका. अंदाजाने बसवलेले क्राउन-पिनियन हजार किलोमीटरच्या आत रडायला लागते.

जुने डिफ्रन्शियल बाहेर काढायच्या आधीच निम्मे काम असते. डायल गेज क्राउनच्या दातावर काटकोनात टेकवून जुना बॅकलॅश (क्राउन आणि पिनियनच्या दातांतली मोकळीक) मोजा. तीन-चार जागी मोजा आणि लिहा. दातांवर मार्किंग ब्लू लावून ठसा बघा, मोबाइलवर फोटो काढा. बेअरिंग कॅपवर डावे-उजवे आणि वर-खाली अशा पंचाने खुणा करा. त्या कॅप हाउसिंगला लावूनच एकत्र बोअर केलेल्या असतात. अदलाबदल झाली तर बेअरिंग आवळले जाते आणि जळते. दोन्ही बाजूंचे शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवरही खूण करा.

मग हाउसिंगला नळीसाठी भोक. नवा लॉक आत जाण्याआधीच हे करा. नेहमीच्या किटला ११ मिमीच्या आसपासचे भोक आणि पाव इंची पाइप आटा लागतो, पण किटच्या कागदावरचा आकडा अंतिम. जागा तेलाच्या पातळीच्या वर असावी, आतून क्राउनला किंवा कॅपला अडू नये, आणि बाहेरून स्प्रिंग पूर्ण दबली तरी चासीला लागू नये. ड्रिल आणि टॅपला भरपूर ग्रीस लावा, म्हणजे बीडाचा चुरा त्यालाच चिकटतो. उरलेला चुंबकाने आणि कापडाने काढा. एक कणही बेअरिंगला पुरतो.

क्राउन लॉकवर बसवताना हातोडा वापरायचा नाही. क्राउन ८० ते १०० अंशांपर्यंत तापवा. उकळत्या पाण्यात ठेवला तरी चालतो, पण बाहेर काढल्यावर लगेच कोरडा पुसा. तो अलगद सरकून बसतो. गॅसची ज्योत थेट लावू नका, दातांचे पाणी उतरते. बोल्ट नवे घ्या, आटे तेलरहित करा, लाल थ्रेडलॉकर लावा आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने टॉर्क रेंचने आवळा.

बेअरिंग प्रेसनेच दाबायचे, आणि दाब आतल्या रिंगवर. एअर लॉकच्या एका बाजूला हवा आत नेणारे सील हाउसिंग असते, त्याच्या आत दोन ओ-रिंग (गोल रबरी कडी). बहुतेक गळत्यांचे मूळ इथेच. ओ-रिंगना गिअर ऑइल लावा. सील हाउसिंग चढवताना सरळ दाबून रेटू नका, हलके फिरवत चढवा, नाहीतर भोकाच्या कडेने ओ-रिंग कापली जाते. हाउसिंगपासून निघालेली तांब्याची बारीक नळी कॅपजवळून वळवताना हळू वाकवा. एकदा चेपली की सरळ करत बसू नका, बदला. नळी क्राउनपासून सुटी राहील अशी बांधा.

आता सेटिंग. पिनियनला हात लावलेला नाही, म्हणून काम फक्त क्राउन डावीकडे-उजवीकडे सरकवण्याचे आहे. नव्या केसची बैठक जुन्यासारखीच असेल असे मात्र धरू नका, शिम नव्याने जुळवा. एका बाजूचा शिम काढून दुसरीकडे घातला की बेअरिंगचा दाब तोच राहतो आणि बॅकलॅश बदलतो. ०.१ मिमी शिम हलवला तर बॅकलॅश साधारण ०.०७ मिमीने बदलतो, म्हणजे अंदाज बांधता येतो. या आकाराच्या एक्सलना बहुधा ०.१५ ते ०.२० मिमी ठीक असतो, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा धरा. जुनेच क्राउन-पिनियन वापरत असाल तर आधी मोजलेल्या जुन्या बॅकलॅशच्या जवळ जा. घासून एकमेकांची सवय झालेल्या दातांना नवी जागा मानवत नाही, आवाज येतो. कॅप टॉर्कने आवळून परत मोजा, परत ठसा घ्या. ठसा दाताच्या मधोमध हवा.

कव्हर लावण्याआधी हवेची परीक्षा. सहा ते सात बार दाब द्या आणि कॉम्प्रेसर बंद करा. पंधरा मिनिटांत गेजचा काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचे पाणी घेऊन सांधे बघा. हे आळसाने टाळले की सगळे पुन्हा उतरवावे लागते. मग दोन्ही चाके अधांतरी ठेवून बघा: लॉक बंद असताना एक चाक पुढे फिरवले की दुसरे उलटे फिरले पाहिजे, लॉक चालू असताना दोन्ही एकाच दिशेला.

तेल जीएल-५ दर्जाचे, ८०डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअल सांगेल ते, भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत. लिमिटेड स्लिपसाठीचे अॅडिटिव्ह एअर लॉकला लागत नाही. पहिले तेल ८००-१००० किलोमीटरला बदला आणि प्लगवरचा चुरा बघा. राखेसारखा गाळ चालतो, बोटाला टोचणारे तुकडे चालत नाहीत.

कॉम्प्रेसर आणि सोलेनॉइड शक्य तितके उंच, बॉनेटखाली कोरड्या जागी बसवा. किनाऱ्याची खारी हवा उघडे कनेक्टर दोन पावसाळ्यांत खाते. कनेक्टरला डायलेक्ट्रिक ग्रीस, वायरिंगला वेगळा रिले आणि फ्यूज. एक्सल पूर्ण खाली लोंबला तरी नळी ताणणार नाही एवढी ढील सोडा, सायलेन्सरपासून लांब न्या.

एअर लॉक बंद केला की सोलेनॉइडमधून तेलाचे थेंब उडतात. शिवाय नदीतून ये-जा झाल्यावर डिफ्रन्शियलचे तेल दुधी झाले. दोन्हीचा संबंध आहे का? (कुळे)

नाही, दोन वेगळे आजार आहेत.

सोलेनॉइडमधून तेल येते तेव्हा ते सील हाउसिंगच्या ओ-रिंगमधून नळीत शिरलेले असते. लॉक सोडला की परतणारी हवा ते बाहेर फेकते. आधी तेलाची पातळी बघा. जास्त भरले असेल तर कमी करून महिनाभर थांबा. पातळी बरोबर असूनही येत राहिले, किंवा लॉक लावल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला, तर ओ-रिंग गेली.

दुधी तेल म्हणजे आत पाणी. रस्त्यावर तापलेले डिफ्रन्शियल थंड पाण्यात बुडते, आतली हवा आकसते आणि एक्सलवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे तोंड) पाणी ओढून घेतो. ब्रीदर चिखलाने बंद असला तर ते सीलमधून शिरते. ब्रीदरला नळी जोडून तिचे टोक बॉनेटच्या वरच्या भागात, उलटे वाकवून ठेवा. दूधसागरच्या वाटेवर रोज पाण्यात उतरणाऱ्या गाडीला हे आधी हवे, लॉक नंतर. दुधी तेल एक दिवसही चालवू नका. काढा, स्वस्त तेल भरून थोडी चालवा, तेही काढा आणि मग चांगले भरा.

मागच्या एक्सलला ऑटोमॅटिक लॉक टाकला आहे, जुन्या केसच्या आत स्टार पिनियन आणि सन गिअर या लहान गिअरच्या जागी बसतो तो. वळणावर टक-टक आवाज येतो, कधी मोठा धाडकन. चोर्ला घाटात पावसात गाडी वळणावर अचानक बाहेर ढकलली गेली. बिघाड आहे का? (पेडणे)

टक-टक हा बिघाड नाही, त्या लॉकचा स्वभाव आहे. तो एरवी जखडलेलाच असतो. वळणावर बाहेरचे चाक पुढे पळू लागले की त्याचे दात एकमेकांवरून उड्या मारत सुटतात. धाडकन आवाज बहुधा वळणात एक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने येतो.

घाटातला प्रकार मात्र गांभीर्याने घ्या. वळणात जोर दिला की दोन्ही चाके जखडतात आणि गाडीला सरळ ढकलतात. एक्सिलरेटर एकदम सोडला की उलटा झटका. ओल्या डांबरावर, आखूड व्हीलबेसच्या जीपला तेवढे पुरते. वळणाआधी वेग उतरवा, वळणभर एक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवा, मध्ये गिअर बदलू नका. मागच्या दोन्ही टायरची बनावट, झीज आणि हवा सारखी हवी. एक टायर कमी व्यासाचा असेल तर लॉक सरळ रस्त्यावरही टकटकत राहतो.

तरी एकदा उघडून जोडाच्या दोन भागांतली फट फीलर गेजने मोजा. या प्रकाराला ती साधारण ३.७ ते ४.३ मिमी मागतात, नेमका आकडा किटच्या कागदावर असतो. फट जास्त असेल तर जुनी केस झिजलेली आहे. अशा केसमध्ये लॉक दात पूर्ण पकडत नाही आणि एक दिवस दात मोडतात. या स्वस्त लॉकमध्ये क्राउनची सेटिंग करावी लागत नाही हे खरे, पण त्याचा आधार जुनी केस असते आणि ती कोणी तपासत नाही.

फ्री-व्हील हब (पुढची चाके शाफ्टपासून सुटी करणारे) असलेल्या जीपला हाच लॉक पुढे बसवला असता तर डांबरावर त्याचा पत्ताही लागला नसता. एक्सल तसा जुळत असेल तर हलवण्याचा विचार करा.

ओळखीचा वेल्डर स्टार पिनियन वेल्ड करून फुकटात डिफ लॉक करून देतो म्हणतो. (डिचोली)

फक्त शेतात राहणाऱ्या, रस्त्यावर कधीही न येणाऱ्या गाडीलाच. प्रत्येक वळणावर एक चाक घासत जाईल, शाफ्ट पिळला जाईल. गिअरचे कठीण पोलाद वेल्डच्या कडेने तडकते, तुकडा क्राउन-पिनियनमध्ये गेला की चाके जागीच अडकतात. घाटात उतरताना हे झाले तर काय, ते वेल्डरला विचारा.

२०२० नंतरची थार आहे, मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शियल. गाळात अडकलो तेव्हा हळूच एक्सिलरेटर दिला, चाक फिरत राहिले, लॉक लागलाच नाही. (मडगाव)

हळूच दिला म्हणूनच. हा ईटन कंपनीचा लॉक दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला १०० फेऱ्यांच्या आसपास गेला की आपोआप लागतो. तुमच्या १८ इंची रिमच्या टायरचा घेर अडीच मीटरच्या जवळ आहे, म्हणजे एक चाक उभे असेल तर दुसरे ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने फिरायला हवे. सरळ, ठाम एक्सिलरेटर द्या. खटका जाणवला की लगेच कमी करा. मध्येच थांबलात तर तो सुटतो आणि पुन्हा चाक फिरवावे लागते. ताशी ३२ किलोमीटरच्या वर तो मुद्दामच लागत नाही, सुरक्षेसाठी. मोकाट चाकावर ब्रेक मारणारी यंत्रणा मध्ये आली की वेगातला फरक ती खाऊन टाकते, तेही लक्षात ठेवा.

नवी गाडी घ्यायचीच असेल आणि लॉक हाताशी हवा असेल तर फोर्स कंपनीच्या गुरख्यात पुढचा आणि मागचा दोन्ही लॉक कारखान्यातूनच येतात. हायलक्समध्ये आणि फोर बाय फोर थार रॉक्समध्ये मागचा इलेक्ट्रिक आहे. जिमनीत लॉक नाही, ब्रेकवर चालणारी यंत्रणा आहे.

मागे लॉक आहे, आता पुढेही घालतो आहे. पुढचे शाफ्ट टिकतील का? २०१४ पासून गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरायची इच्छा आहे. (केरी, सत्तरी)

कागदावर हिशोब करू. इंजिनचे २०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, लो रेंज (फोर बाय फोरचा जास्त जोराचा गिअर) २.५, एक्सलचा रेशो ४. गुणाकार ८००० येतो. साध्या डिफ्रन्शियलमध्ये एका शाफ्टवर जास्तीत जास्त निम्मा जोर येतो. लॉक लावून तीन चाके घसरत असतील आणि एकच दगडात अडकले असेल, तर जवळजवळ सगळा जोर त्या एका शाफ्टवर. कारखान्याने शाफ्ट त्यासाठी बनवलेला नाही.

पुढच्या शाफ्टची अवस्था आणखी वाईट, कारण स्टिअरिंग पूर्ण कापलेले असताना युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस सर्वांत कमकुवत कोनात असतो. पुढचे शाफ्ट बहुतेक वेळा तिथेच तुटतात. म्हणून पुढचा लॉक चाके सरळ असताना लावा, दगड पार झाला की सोडा, मगच वळा. लागलेला असताना स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ बघते. स्विच असा जोडा की मागचा लागल्याशिवाय पुढचा लागणार नाही. दोन्ही लॉक गाडी थांबलेली किंवा रांगत असतानाच लावायचे, फिरत्या चाकावर कधीच नाही. सोडल्यावरही सुटत नसेल तर शाफ्ट पिळलेले असतात. थोडे मागे-पुढे सरळ चालवले की पीळ निघतो.

सोबत पुढचा एक पूर्ण शाफ्ट, दोन क्रॉस सर्क्लिपसह, हबचे बोल्ट, दोन लिटर गिअर ऑइल आणि नळीचे जोड ठेवा. सराव मात्र खासगी जमिनीवर, मालकाला विचारून. म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यात वाट सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे. मोरजी-आश्वे भागातून काहींनी वाळूतल्या सरावाबद्दल विचारले आहे, त्यांनाही तेच: गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. भरती चढत असताना रुतलेली गाडी काढायला लॉकपेक्षा ट्रॅक्टर लागतो, आणि तोवर पोलीस पोचलेले असतात.